केळझरची ट्रायल

मयुरीने चौथं चाक बसवलं, शेवटचा नट कसला आणि हात पुसत उभी राहिली.

"दादा, झाले ब्रेक. उद्या मायले घेऊन येऊ ना?"

धनंजयने हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जाम गावच्या चौकातलं हे गॅरेज त्याचं होतं, पण नियम त्याच्या उस्तादांचा होता. जो ब्रेकचं काम करेल, त्याने ट्रायलला आपलं माणूस मागच्या सीटवर बसवायचं. शिकाऊ असला तर आईला. गाडी धड परत आली की शिकाऊचा मिस्त्री झाला.

"थांब जरा. मी सेलूले जाऊन येतो, मंग सांगतो," तो म्हणाला.

बावीस वर्षांपूर्वीची एक लबाडी त्याने पोटात ठेवली होती. ती ओकल्याशिवाय या पोरीकडे तिची आई कोणत्या तोंडाने मागायची?

तेव्हा धनंजय सेलूत रूपराव उस्तादांकडे शिकाऊ होता. त्यांचं गॅरेज अगदी रस्त्याला लागून होतं. उस्ताद मूळचे नाचणगावचे. पण लग्न झालं तेव्हापासून गावाचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. कोणी विचारलंच तर पाना आपटून गाडीखाली शिरायचे. ब्रेकचं प्रत्येक काम झालं की बायकोला, आनंदाबाईंना, मागे बसवून ते केळझरला न्यायचे. टेकडीवर गणपती आणि खाली यायला चांगला उतार. गिऱ्हाइकाच्या पेट्रोलवर देवदर्शन चाललंय, असं बाजारातले लोक हसायचे. धनंजयही हसायचा.

त्याची पाळी आली तेव्हा हसू पळालं. एका पांढऱ्या व्हॅनचे ब्रेक त्याने एकट्याने केले होते. चारही चाकं दोनदा उघडून पाहिली, तरी खात्री पटेना. वडील नव्हते. घरात तो आणि आई, एवढीच माणसं. उस्तादांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

"उद्या मायले घेऊन येजो," उस्ताद म्हणाले.

घरी जाऊन धनंजय जेवला आणि झोपला. आईला एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. गॅरेजसमोर, रस्त्यापलीकडे, सखूबाई नावाची म्हातारी दर बाजाराला भाजी घेऊन बसायची. भाजी म्हणजे काय, चार वांगी आणि दोन जुड्या मेथी. विकली काय न विकली काय, तिला फिकीर नसायची. उस्ताद बाजाराच्या दिवशी खुर्ची आत ओढून रस्त्याकडे पाठ करून बसत. धूळ सोसत नाही, म्हणत.

धनंजय तिच्यापुढे उकिडवा बसला. "आजी, केळझरले येता काय? गाडीनं नेतो. फक्त उस्तादले सांगाचं, का मी याची माय हाव."

म्हातारीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गॅरेजकडे.

"गाडी कोण चालवते?"

"उस्तादच."

"येतो," ती म्हणाली. वांगी तिथेच टाकून उठली, लुगड्यावरची धूळ झटकली, केस सारखे केले. म्हातारी देवाची फार वेडी दिसते, असं धनंजयला वाटलं.

ती मागे बसली. उस्ताद स्टीअरिंगवर बसले, आरसा सरळ करायला हात वर नेला आणि हात तिथेच राहिला.

"ही तुही माय?"

"हो."

उस्ताद खाली उतरले. जॅक लावून चारही चाकं त्यांनी स्वतः तपासली. आनंदाबाई बसायच्या तेव्हाही असं कधी केलं नव्हतं. आपण पकडले गेलो, हे धनंजयला कळून चुकलं.

पण गाडी निघाली. पंचवीसच्या वर गेली नाही. दर्शन झालं, तरी कोणी कोणाशी बोललं नाही. उतारावर सखूबाई एकदाच म्हणाली, "दमानं चालव रे."

उस्तादांना गिऱ्हाईकसुद्धा अहोजाहो करायचं. आता ते खेकसणार, असं धनंजयला वाटलं.

"हो," उस्ताद म्हणाले आणि ब्रेक दाबला. व्हॅन जागच्या जागी थांबली.

"पास झाला तू. आता एसटीनं जाय, गॅरेज पाह्य. हिले मी सोडून देतो."

धनंजय फाट्यावर एकटा उभा राहिला. वाटेत म्हातारी खरं बोलली की संपलंच सगळं.

उस्ताद दुसऱ्या दिवशी दुपारी आले. "ब्रेक चांगले हायेत," एवढंच म्हणाले. धनंजय मिस्त्री झाला. पण पुढच्या बाजाराला सखूबाईची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. आपण म्हातारीला कोणत्या संकटात घातलं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. ती रिकामी जागा त्याला वर्षानुवर्षं खात राहिली.

आता उस्ताद थकले होते. गॅरेजच्या ओसरीत बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माही माय घरी ठेवली अन् दुसऱ्याची माय गाडीत बसवली, उस्ताद. मिस्त्री म्हणून घ्याची माही लायकी नाई."

उस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली.

"ती तुही माय नोहोय, हे मले तवाच मालूम झालं होतं."

"मंग बोलले काऊन नाई? अन् तुम्ही तर माह्या मायले कधी पाह्यलंही नव्हतं. वयखलं कसं?"

उस्तादांनी रस्त्यापलीकडच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"माही होती," ते म्हणाले.