बोटीखालचे चार फूट

उद्या खडकवासल्याच्या पाण्यात पोरांची पोहण्याची शर्यत होती, आणि आमच्या रेस्क्यू बोटीचा खोली दाखवणारा मीटर बोटीने वेग घेतला की बंद पडायचा. तो नीट चालल्याशिवाय एकाही पोराला पाण्यात उतरू देणार नाही, असं बोट चालवणाऱ्या चैतालीने बजावलं होतं.

"बोट पळाली की मीटरच्या सेन्सरखाली बुडबुडे जमतात," मी म्हणालो. सेन्सर दोन बोटं खाली सरकवला आणि स्क्रू आवळले.

"काका, मागच्या वेळी लाइफ जॅकेटात रबरी पाल ठेवलेलीत. आज चावटपणा नको."

"आईशपथ, नाही करत."

"तुमची शपथ! तुमच्या घरचे तरी धरतात का खरी?"

मधोमध, जिथे तळ पन्नास फुटांवर आहे, तिथे तिने बोट सुसाट सोडली. मीटर चालूच राहिला. मी टाळी वाजवली आणि मग आकडा वाचला.

चार फूट.

तिने वळण घेतलं, तरी चार. वेग वाढवला, तरी चार. आमच्याखाली काहीतरी होतं, आणि आम्ही वळलो की तेही वळत होतं.

तिने इंजिन बंद केलं. बोट थांबली.

तीन. दोन.

"काका," मागे न बघता ती म्हणाली, "तुम्हीच केलंय ना हे? हसा ना एकदा."

मी जीव तोडून हसायला बघत होतो, तेवढ्यात बोट खालून अलगद उचलली गेली.