सहा वाजता, नाक्यावर

गाडीत तेरा माणसं होती आणि तेरा ओळखपत्रं. त्यातल्या एका ओळखपत्राची मालकीण मात्र थायलंडच्या सीमेवरच्या मे सोत गावात, आपल्या घरी होती. तिचं ओळखपत्र दॉ सानच्या पिशवीत होतं. दोघी साधारण एका वयाच्या, गोल चेहऱ्याच्या. फोटो जुना होता, एवढाच आधार.

दॉ सानच्या गळ्याभोवती तिच्या मुलीनं, नीननं, पांढरी पट्टी गुंडाळली होती. ब्रह्मदेशातल्या बायका गालांना लावतात तो थनाकाचा पिवळा लेप सकाळीच साबणानं घासून काढला होता.

"घशाचं ऑपरेशन झालंय तुझं," नीन तिच्या कानाशी म्हणाली. "बोलायचं ते मी. तू एक शब्द नाही."

"आणि मान?"

"मान ताठ. राष्ट्रगीत संपलं तरी ताठ. शेवटी वाकायचं ते आपल्या गाण्याला, आई. इथं वाकत नाही कुणी. गाणं संपलं की चालायला लागतात."

"शाळेपासूनची सवय आहे गं. मान आपोआप जाते."

"ताईसाठी आज सोड ती सवय."

ताई जिल्ह्याच्या इस्पितळात होती. तिचं बाळ गेलं होतं. तिच्याबद्दल डॉक्टर परवापर्यंत 'बघू' म्हणत होते. काल त्यांनी आईला बोलवून घ्या असं सांगितलं. नीन नदीच्या अलीकडे, थायलंडात जन्मलेली, तिच्याजवळ कागद होते. आई कालच ब्रह्मदेशातून नदी ओलांडून आली होती. नाक्यावर पकडली गेली तर तिला परत पलीकडे सोडणार होते, आणि ताईला पुन्हा भेटणं व्हायचं नव्हतं.

वाटेत टायर पंक्चर झालं नसतं तर त्या दुपारीच नाक्यापार झाल्या असत्या. आता संध्याकाळचे सहा वाजत आले होते, आणि सहाला झेंडा उतरवताना, राष्ट्रगीताच्या वेळी, नाक्यावर थावोन हवालदार असतो, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. कागद खोटे करता येतात, राष्ट्रगीत पाठ करता येतं. थावोन मान बघायचा. गाणं संपताना जो वाकला, तो पलीकडचा. हे आधीच्या एकाही हवालदाराला सुचलं नव्हतं.

"उतरा सगळे," थावोन म्हणाला.

त्यानं एकेक ओळखपत्र पाहून परत दिलं. दॉ सानपाशी थांबला.

"नाव?"

"तिला बोलता येत नाही साहेब," नीन म्हणाली. "घशाचं ऑपरेशन झालंय. दाखवायला नेतेय."

"तुझी कोण ही?"

"मावशी."

"पट्टी नवी दिसते."

"आजच बदलली."

थावोननं फोटोकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. ओळखपत्र परत दिलं नाही.

"आता राष्ट्रगीत होईल. उभ्या राहा दोघी रांगेत."

खोबऱ्याच्या वड्या विकणाऱ्या लमाईकाकूंनी टोपली खाली ठेवली. "हवालदार, वड्यांना घाम फुटलाय. माझी देशभक्ती सावलीत उभी राहिली तर चालेल का?"

"कुठंही राहा काकू. सरळ राहा म्हणजे झालं."

"माझं सरळ असं आता काही उरलं नाही. जीभ तेवढी आहे."

दोघं-तिघं हसले. थावोन हसला नाही. तो सगळ्यांच्या मागे जाऊन एकटाच उभा राहिला.

"कायम मागेच," वीरा ड्रायव्हर नीनच्या शेजारी पुटपुटला. "इतकी वर्षं या रस्त्यावर आहे मी, हा माणूस झेंड्यापाशी पुढे उभा राहिलेला पाहिला नाही. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात ना."

नीननं आईचा हात घट्ट दाबला आणि सोडला.

कर्णा खरखरला. गीत सुरू झालं. पलीकडचा मालट्रक जागच्या जागी थांबला. मोटरसायकलवरून उतरून एक बाई उभी राहिली. झेंडा हळूहळू खाली येऊ लागला. लमाईकाकू सगळ्यात मोठ्यानं गात होत्या.

नीनला मागे वळता येत नव्हतं. पण समोर गाडीची काळी काच होती. तिच्यात सगळी रांग दिसत होती, आणि रांगेमागे सलामी देऊन उभा असलेला हवालदार. त्याचा चेहरा टोपीच्या सावलीत होता. नीन आईच्या मानेकडे बघत राहिली. मान ताठ होती. शेवटची ओळ आली तेव्हाही ताठ होती.

मग गीत संपलं, आणि शेजारी कापड सळसळलं.

नीननं डोळे मिटले. मागून बुटांचा आवाज आला नाही.

तिनं डोळे उघडून काचेत पाहिलं. लमाईकाकू ताठ होत्या. वीरा ताठ होता. रांगेतली बारा माणसं ताठ होती.

काचेत वाकलेली माणसं दोन होती. पुढच्या माणसाच्या गळ्याला पांढरी पट्टी होती. मागच्याच्या डाव्या हातात दॉ साननं दिलेलं ओळखपत्र होतं, आणि उजवा हात अजून टोपीला, सलामीत होता.