झोत आणि सरासरी

वादळात शाळेच्या शेडचा पत्रा उडाला आणि खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशी शाळेच्याच मैदानात बसली. आष्टीच्या हवामान केंद्राने त्या दुपारचे दोन आकडे पाठवले होते. तीन सेकंदांचा सर्वांत जोराचा झोत ताशी एक्याऐंशी किलोमीटर आणि दहा मिनिटांची सरासरी तेहेतीस. झोत धरला तर दोष वाऱ्याचा. सरासरी धरली तर शेड बांधणाऱ्या बद्रीनाथ गुत्तेदाराचा.

"एक्याऐंशी लिहा, मॅडम," बद्रीनाथ चौकशी अधिकारी बाईंना म्हणाला. "पत्रा झोतानं उडतो, सरासरीनं न्हाई. असल्या वाऱ्यापुढं काहीच टिकत नसतं."

"बराबर हाय," चांगुणाबाईंची मुलगी ज्योत्स्ना म्हणाली. "एक्याऐंशीच लिहा."

बद्रीनाथने तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"आन् मंग गेटकडं बघा, मॅडम. ह्यांच्या वाढदिवसाचा बॅनर. वादळाच्या आधीपासून हाय."

बाईंनी मान वळवली. गेटवरच्या बॅनरमध्ये बद्रीनाथ हात जोडून हसत होता. एक कोपराही फाटला नव्हता.

"तुला कोणी विचारलं गं?" बद्रीनाथ तिच्यावर खेकसला आणि आपल्या माणसाकडे वळला. "काढ ते. जल्दी."

माणूस बराच वेळ बांबूशी झटत राहिला. शेवटी त्याने तिथूनच हाक दिली, "मालक, निघत न्हाई. तुम्हीच म्हणले व्हते, कसला बी वारा येऊ दे, हलायला नको."