टेकडीवरची शाळा

काळ्या मुलांची जुनी शाळा पाडून साठ वर्षं झाली होती. तिथे आठवणीची पाटी लावायची तर शाळेचा एक तरी जुना फोटो आणा, असं टेक्सासमधल्या त्या शहराची समिती लुएलाला चार वर्षं सांगत होती. त्या शाळेत शिकलेली आता ती एकटीच उरली होती.

जुन्या पोस्टकार्डांच्या बाजारात विक्रेत्या डेलने आपलं खोकं तिच्यापुढे सरकवलं. "शहरातल्या अकरा शाळा आहेत यात, मिस लुएला. तुमची मात्र कुणी छापलीच नाही हो." मग त्याने तळातून एक कार्ड काढलं. "थांबा. हे एकोणीसशे बाराचं. कोर्टाच्या मनोऱ्यावरून सगळी पूर्वेची बाजू घेतलीय. यात सुटायची नाही."

"रंग अजून काय ताजे आहेत रे."

"हाताने भरायचे ना. विजेच्या तारा पुसायचे, ढग घालायचे. डोळ्यांना खुपेल ते झाकलं की कार्ड खपायचं."

लुएलाने भिंग धरलं. रूळ, कापसाचं जिनिंग, तिचं चर्च, आणि त्यामागे शाळेची टेकडी.



जिथे आवारात सावलीपुरतंसुद्धा झाड नव्हतं म्हणून लुएला आणि सगळी मुलं उन्हात डबा खायची, त्या टेकडीवर शाळेच्या जागी गर्द हिरवी झाडी रंगवलेली होती.