उघड्या पुस्तकाचा मास्तर

स्वतः पुस्तक उघडं धरून परीक्षा घ्यायची, अन् तीही नऊ वर्षांच्या पोरीची! लेकाची ही मास्तरकी भागरथाबाईच्या डोक्यात गेली होती. निर्मलाला ‘नेबर’चा अर्थ आठवेना, तसा सुदाम गरजला, “इंग्रजी हिच्यानं होत नाही. उद्यापासून शाळा बंद. मागाजवळ बसून सुताच्या कांड्या भरू दे हिले.”

भागरथाबाईनं पुस्तक हिसकून मांडीखाली घातलं. नातीची घोकणी ऐकून ऐकून तिला अर्धं पुस्तक पाठ झालं होतं.

“सांग गा, वीव्हर म्हणजे काय?”

सुदाम आढ्याकडे पाहू लागला.

“विणकर! सात पिढ्यांचा धंदा हाये आपला. पोरगी शाळेत जाईल. अन् तू रोज सांजच्याले तिच्यापुढं पाटी घेऊन बस. मास्तरीण गरीब हाये, मारत नाही.”