समोरचं दुकान

नोकरी गेल्याचं त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी टाय लावून तो निघायचा आणि बाजारातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जाऊन बसायचा. मंदीत कन्सोलचे भाव दोनदा पाडूनही गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, म्हणून दुकानदारानं 'फुकट खेळून बघा' अशी पाटी लावली होती.

आज मात्र दुकानदार वैतागला. "साहेब, रोज नुसतं खेळताय. घ्यायचं असेल तर बोला, नाहीतर खुर्ची सोडा."

"थोडे दिवस सांभाळून घ्या हो," तो अगदी काकुळतीला आला. "घर सध्या बायकोच्या पगारावर चाललंय. तिला कळलं तर हाय खाईल ती."

"मग समोर जा. त्यानं माझ्याहून जास्त भाव पाडलेत, फुकट खेळूही देतो."

पाय ओढत तो समोरच्या दुकानात शिरला. आत बरीच गर्दी होती, पण विकत घेणारं कुणीच दिसत नव्हतं. कोपऱ्यात एक खुर्ची रिकामी होती.

"इथं कुणी बसलंय का?" त्यानं हळूच विचारलं.



शेजारच्या खुर्चीवरून मान वर करून पाहिलं, ते सकाळी त्याच्याआधीच घाईघाईनं ऑफिसला निघालेल्या त्याच्या बायकोनं.