लोकेशचं प्लगइन

ढिगारा पुन्हा उत्तरेकडूनच कोसळला.

दीपालीनं माउस बाजूला सारला. पडद्यावरची खाण धुळीनं भरली, डंपर मातीखाली गेला. या वेळी तिनं उतार कमी दिला होता, पाऊस शून्य ठेवला होता. तरी तेच.

घुग्घुसकडच्या एका खाणीतल्या डंपरचालकांना धोके ओळखायला शिकवण्यासाठी हा गेम बनत होता. दगडमाती कशी घसरेल हा किचकट हिशेब गेम इंजिनाच्या नेहमीच्या कोडला झेपेना, म्हणून लोकेशनं तो सी प्लस प्लसमध्ये वेगळा लिहून प्लगइन म्हणून जोडला होता. गेमनं आकडे द्यायचे, प्लगइननं उत्तर द्यायचं. आत काय चालतं ते बाहेरून दिसत नसे. मूळ कोड होता लोकेशच्या लॅपटॉपात, आणि तो लॅपटॉप लोकेशसोबतच ट्रकखाली चुरडला गेला होता. त्याला तीन आठवडे झाले होते.

“काऊन अडून राह्यलं?” कंपनीचे मालक भैयाजी दारातून म्हणाले. “शुक्रवारी खाणीतले साहेब येऊन राह्यले पाहाले.”

“हे प्लगइन आपले आकडे घेतच नाई, भैयाजी. काईबी द्या, उत्तरेकडूनच पाडते. मागच्या सोमवारी चाळीस मिनिटांनी पाडत होतं, आज बारा मिनिटांत.”

“मंग फेका न ते. नवीन लिहा.”

लोकेशचं काम फेकायचं तिच्या जिवावर आलं. तिला हे सगळं त्यानंच हाताला धरून शिकवलं होतं. मेमरीत पडलेला जुना कचरा वाचला की प्लगइन असे भलतेच आकडे देतं, हेही त्यानंच सांगितलेलं.

तीन दिवस खपून तिनं नवीन प्लगइन लिहिलं. तिचा नवरा आदेश त्याच खाणीत डंपर चालवायचा. त्यानं घरी गेम खेळून पाहिला.

“आता बराबर हाये,” तो म्हणाला. “चाक काठावर गेलं तरच माती हालते. आधी उगाच मारत होता.”

शुक्रवारी साहेबांनी स्वतः डंपर चालवला. एकदाही ढिगारा कोसळला नाही. टाळ्या झाल्या. दीपालीनं जुनं प्लगइन कायमचं पुसलं, आणि लोकेशच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहताना तिचे डोळे भरून आले.

साहेब गेले, पण त्यांच्यासोबत आलेला एक वयस्क माणूस दारातच घुटमळत राहिला.

“मी जंगू, बाई. खाणीत माती टाकते तिथला मुकादम. लोकेश सर दिसून नाई राह्यले?”

तिनं अपघाताचं सांगितलं. जंगू मटकन खाली बसला.

“मले कोणी सांगतलंच नाई. लय चांगला मानूस.” त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. “गेमाचा हिशेब खरा निघते का पाहाले त्यायनं ढिगाऱ्याच्या भेगेत चार यंत्रं गाडली होती. मीच जागा दाखवली. माती सरकली का थेट तुमच्या गेमात दिसे म्हणे.”

दीपालीनं जुन्या प्लगइनचं रिकामं फोल्डर उघडलं.

“दिसलं का सर मले फोन करत, मी गाड्या दुसरीकडं वळवो. आता तीन आठवडे झाले, एकबी फोन नाई. म्हटलं, माती बसली असन. म्हणून आज सकाळपासून सगळे डंपर उत्तरेकडंच लावले.”